रिस्पॉन्सिबिलिटीतला आय पुन्हा पुन्हा का गळतो?

नववीच्या इंग्रजीच्या वह्या तपासायला घेतल्या की एक चूक न चुकता भेटते. निबंधाचा विषय पर्यावरण असो, वाहतुकीचे नियम असोत की आदर्श विद्यार्थी, कुठेतरी 'रिस्पॉन्सिबिलिटी' हा शब्द येतोच, आणि त्यात बी आणि एल यांच्यामधला आय नसतो. आर-ई-एस-पी-ओ-एन-एस-आय-बी-एल-आय-टी-वाय. चौदा लेटर हवीत, वहीत तेरा. मी लाल शाईने आय घालते, समासात बरोबर स्पेलिंग लिहून देते, पाच वेळा लिहून आणायला सांगते. मुलं आणतात. पंधरा दिवसांनी दुसऱ्या निबंधात तोच शब्द आणि तीच गळती.

बरीच वर्षं मी याला पाठांतराचा कंटाळा समजत होते. नंतर एक गोष्ट खटकली. हीच मुलं 'ॲबिलिटी' बरोबर लिहितात. तिथे बी आणि एलच्या मधला आय कधी हरवत नाही. शेवटची सहा लेटर दोन्हीकडे तंतोतंत तीच: बी-आय-एल-आय-टी-वाय. एका शब्दात जमतं आणि दुसऱ्यात जमत नाही, म्हणजे आय विसरला जात नाही. तो कुठल्यातरी हिशेबाने वगळला जातोय. तो हिशेब सापडल्यावर माझी शिकवण्याची पद्धत बदलली आणि चुका पुष्कळ कमी झाल्या. ज्यांच्या वर्गात किंवा घरात हे दुखणं आहे त्यांच्यासाठी मला सापडलेलं सगळं इथे लिहिते आहे.

आधी चूक कुठल्या जातीची आहे ते बघा

मुलाची वही बंद करा आणि त्याला शब्द फक्त म्हणायला सांगा, सावकाश. हनुवटीखाली तळहात धरायला लावा. प्रत्येक स्वराला जबडा खाली येतो आणि हाताला लागतो. रि, स्पॉन्, सि, बि, लि, टी. सहा वेळा लागला पाहिजे. या एकेका धक्क्यात येणाऱ्या तुकड्याला सिलॅबल म्हणतात.

हाताला सहा धक्के लागले, पण वहीत तेराच लेटर असतील, तर मुलाचं ऐकणं आणि बोलणं ठीक आहे. घोटाळा शब्दाच्या घडणीत आहे. पाचच धक्के लागले आणि मूल 'रिस्पॉन्सिब्लिटी' किंवा 'रिस्पॉन्स्बिलिटी' म्हणत असेल, तर घोटाळा कानात आहे. टीव्हीवरचं किंवा मोबाइलवरचं भरभर इंग्रजी ऐकून तो शब्द तसाच मनात बसलेला असतो. आणि आय गळत नाही, पण एसच्या पुढे आयऐवजी ए येतो, असंही होतं. ती तिसरीच गोष्ट आहे, तिच्याकडे शेवटी येते.

माझ्या वर्गात पहिल्या जातीची चूक सगळ्यांत जास्त, म्हणून तिथे जरा जास्त थांबते.

जबाबदारीतला र कुणाचा?

इंग्रजी शब्दाला हात लावण्याआधी मी फळ्यावर 'जबाबदारी' लिहिते. म्हणते, तोंडाने तोडा. मुलं म्हणतात: ज, बाब्, दा, री. चार तुकडे. लिहिताना पाच अक्षरं आहेत, पण मधल्या ब मधला अ आपण बोलताना टाकून देतो. आता म्हणते, अर्थाने तोडा. थोडी कुजबुज होते आणि उत्तर येतं: जबाब, दार, ई. जबाब म्हणजे उत्तर. दार म्हणजे बाळगणारा, दुकानदार आणि वतनदार यांच्यातला. शेवटचा ई गरीब-गरिबी, हुशार-हुशारी यांतला, विशेषणाचं नाम करणारा. तीन तुकडे.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, मग री मधला र कुणाचा? दारचा की ईचा?"

त्या प्रश्नाने माझंच काम सोपं केलं. अर्थाने तो र दारचा आहे. तोंडाने तो ईबरोबर जातो. दोन्ही उत्तरं बरोबर, कारण आपण शब्द दोन वेगळ्या सुऱ्यांनी कापला. एक सुरी आवाजाची, दुसरी घडणीची. त्यांचे काप एकाच जागी पडतील असं नाही. मराठी मुलाला हे कुणी सांगावं लागत नाही, त्याच्या तोंडात ते आधीपासून आहे. फक्त एकदा दाखवून द्यावं लागतं.

आता शेजारी 'रिस्पॉन्सिबिलिटी' लिहा. घडणीने तोडा: रिस्पॉन्स, इबल, इटी. रिस्पॉन्स म्हणजे उत्तर. इबल म्हणजे तसं करण्याजोगा. इटी म्हणजे पणा, विशेषणाचं नाम करणारा. उत्तर, मग विशेषण करणारा प्रत्यय, मग नाम करणारा प्रत्यय. जबाब-दार-ई आणि रिस्पॉन्स-इबल-इटी यांची हाडं एकसारखी आहेत. जबाब अरबीतून फारसीमार्गे आला, दार फारसी. रिस्पॉन्सच्या मुळाशी लॅटिन क्रियापद आहे, 'उलट वचन देणे' अशा अर्थाचं. दोन्हीकडे माणसांनी उत्तर देण्याच्या कल्पनेवरच हा शब्द उभा केला. २० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री माँटेग्यूने ब्रिटिश संसदेत 'रिस्पॉन्सिबल गव्हर्नमेंट' हे शब्द वापरले, त्याला आपण 'जबाबदार राज्यपद्धती' म्हणतो. इतिहासाच्या तासाला मुलांनी तो शब्द वाचलेला असतो. तिथून ओढून आणला की दोन विषयांची गाठ आपोआप पडते.

आय वगळणारा हिशेब

आता मूळ दुखण्याकडे. इटी हा प्रत्यय लावताना आम्ही शिक्षक मुलांना काय शिकवतो? शब्दाच्या शेवटी ई असेल तर तो काढा आणि इटी जोडा. प्युअरचं प्युरिटी, डेन्सचं डेन्सिटी, ॲक्टिव्हचं ॲक्टिव्हिटी. नियम चांगला आहे. मूल तोच नियम रिस्पॉन्सिबलला लावतं. शेवट बी-एल-ई. ई काढला, उरलं बी-एल. त्याला आय-टी-वाय जोडलं. झालं बी-एल-आय-टी-वाय. म्हणजे आय गाळणारं मूल आम्हीच दिलेला नियम प्रामाणिकपणे पाळत असतं. पाच वेळा बरोबर स्पेलिंग लिहून हा हिशेब पुसला जात नाही. पुढच्या वेळी शब्द आठवताना मूल पुन्हा रिस्पॉन्सिबलपासूनच सुरुवात करतं आणि पुन्हा त्याच जागी पोचतं.

ॲबिलिटीत ही चूक का होत नाही तेही इथे कळतं. तो शब्द मुलाने एबलपासून बनवलेला नसतो, आयता उचललेला असतो.

मग बी आणि एलच्या मध्ये आय येतो कुठून? रिस्पॉन्सिबल म्हणताना शेवटचा तुकडा ऐका. आपण देवनागरीत 'बल' लिहितो, पण इंग्रजीत बी आणि एलच्या मध्ये स्वर असा जवळपास नसतोच. एल स्वतःच स्वराची जागा घेतो, आणि लिहिताना ई त्याच्या मागे उगाच उभा असतो. हे चालतं, कारण त्या तुकड्यावर जोर नाही. जोर 'स्पॉन्'वर आहे.

इटी लागला की सगळं हलतं. या प्रत्ययाचा एक ठाम नियम आहे: जोर त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर पडतो. पर्सनलमध्ये जोर पहिल्या तुकड्यावर, पर्सनॅलिटीत तो 'नॅ'वर येतो. इलेक्ट्रिकमध्ये 'लेक'वर, इलेक्ट्रिसिटीत 'ट्रि'वर. युनिव्हर्सिटीत 'व्हर्'वर. तसाच रिस्पॉन्सिबिलिटीत तो नेमका त्या बी-एलवर येऊन पडतो. नुसत्या एलच्या खांद्यावर इतका जोर पेलत नाही, तिथे पुरा स्वर लागतो. आणि तो स्वर नवा आणावा लागत नाही. लॅटिनमध्ये हा प्रत्यय मुळात 'बिलिस' होता आणि त्याचं नाम 'बिलितास'. फ्रेंचमधून येताना बिलिस झिजून 'ब्ल' झाला, पण बिलितासमधला स्वर टिकला, कारण त्याच्या मागेपुढे आधार होता. इंग्रजीने दोन्ही उचलले. म्हणून विशेषणात आय दिसत नाही आणि नामात तो असतो.

हे सगळं नववीच्या मुलाला सांगायचं का? मी सांगते, थोडक्यात. पण हाताशी द्यायचा नियम एका ओळीचा: शेवटी बी-एल-ई असेल तर एल-ई उचला, तिथे आय-एल ठेवा, मग आय-टी-वाय लावा. बल गेला, बिलिटी आला. एवढी अदलाबदल जमली की एक सबंध घराणं हाती येतं. पॉसिबल-पॉसिबिलिटी, व्हिजिबल-व्हिजिबिलिटी, फ्लेक्सिबल-फ्लेक्सिबिलिटी, एलिजिबल-एलिजिबिलिटी, प्रॉबेबल-प्रॉबेबिलिटी, केपेबल-केपेबिलिटी, स्टेबल-स्टॅबिलिटी, नोबल-नोबिलिटी. गणितात प्रॉबेबिलिटी येतेच, शिष्यवृत्तीच्या अर्जावर एलिजिबिलिटी असते. शब्द वर्गाबाहेरही भेटत राहतात, म्हणून नियम जिरतो.

या यादीत हंबल बसवू नका. त्याचं नाम ह्युमिलिटी, त्यात बी नाही. लॅटिन शब्दात बी नव्हताच. एमवरून एलवर जाताना ओठ उघडण्याच्या क्षणी तो फ्रेंचमध्ये घुसला आणि हंबलमध्ये राहून गेला. ह्युमिलिटीत एम आणि एलच्या मध्ये स्वर असल्याने त्याला शिरायला फटच मिळाली नाही.

पहिली वेलांटी, पहिली वेलांटी, पहिली वेलांटी, दुसरी

ज्यांना नियम नको, लक्षात ठेवायची खूण हवी, त्यांच्यासाठी आपली लिपी फार कामाची आहे. शब्दाचा शेवट देवनागरीत लिहा: सि बि लि टी. स, ब आणि ल या तिघांना पहिली वेलांटी. प्रत्येक पहिल्या वेलांटीला एक आय. शेवटच्या टला दुसरी वेलांटी, तिला वाय. तीन आय आणि एक वाय. लिहून झाल्यावर मुलाने तीन आय मोजायचे. एस, बी आणि एल, तिघांच्याही मागे एकेक आहे ना, एवढंच बघायचं. दोन भरले तर कुठला राहिला ते लगेच दिसतं.

आपण मराठी माणसं हा शब्द प्रत्येक स्वर पूर्ण उच्चारून म्हणतो. इंग्लंड-अमेरिकेतला माणूस तसं म्हणत नाही. त्याच्या तोंडी सि आणि लि मधले स्वर विरून अस्पष्ट 'अ'सारखे होतात, म्हणून तिथल्या मुलांचे वेगळेच लेटर चुकतात. आपल्या ठसठशीत उच्चाराबद्दल मुलांना लाज वाटायला लावणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांना मी सांगते की स्पेलिंगसाठी हा उच्चार सोन्यासारखा आहे, तो घालवू नका. बोलण्यासाठी जोराची सवय वेगळी करू, पण लिहिताना मनात 'सि-बि-लि-टी' असंच वाजू द्या. ज्या मुलाचे पाचच धक्के लागत होते, म्हणजे ज्याचा घोटाळा कानात होता, त्याचं औषधही हेच.

देवनागरीच जिथे फसवते

ही लिपी एका ठिकाणी मात्र मुलांना चुकीच्या वाटेला लावते. शब्द लिहिला: रिस्पॉन्सिबिलिटी. अक्षरं पाडा म्हटलं की मूल लिपीप्रमाणे पाडतं: रि, स्पॉ, न्सि, बि, लि, टी. मोजणी सहाच येते, म्हणून चूक झाकली जाते. टाळ्या वाजवून घेतल्या तरी सहाच वाजतात. पण तुकडे चुकलेले आहेत. 'न्सि' असा तुकडा इंग्रजी माणसाच्या तोंडी येत नाही. एन मागच्या तुकड्याचा आहे: स्पॉन्, मग सि. वाचताना मूल 'रि-स्पो...' म्हणून थांबतं आणि पुढे 'न्सि'शी झटापट करतं, ते याच कारणाने. तोतरेपणाची शंका घेऊन आलेले एक पालक मला आठवतात. मुलगा मराठी धडा घडाघडा वाचत होता, इंग्रजीतल्या जोडाक्षराशीच अडत होता.

याचा इलाज मराठीच्या तासाला दडलेला आहे. वृत्त शिकवताना आपण लघु-गुरू सांगतो. 'पुष्प' मधला पु ऱ्हस्व आहे, तरी गुरू धरतो, कारण पुढच्या जोडाक्षरातला ष् उच्चारात मागे येऊन त्याला भारी करतो: पुष्-प. लिपीत ष्प एकत्र दिसतो, आवाजात तो फुटलेला असतो. अगदी हेच 'न्सि'चं आहे. मुलाला एवढंच म्हणायचं, "पुष्पसारखं तोड." मग तो स्पॉन्-सि म्हणतो. मराठी आणि इंग्रजीचे शिक्षक वेगळे असतील तर त्यांनी यावर दहा मिनिटं बोलावं. लघु-गुरूचा इतका रोकडा उपयोग मुलांना क्वचित दिसतो.

पहिल्या जोडाक्षराचं, स्पॉचं काय? तेही 'पुष्प'सारखं तोडून रिस्-पॉन् म्हणायचं का? 'परस्पर'मध्ये आपण रस्-पर असंच करतो, म्हणून मुलांचा कल तिकडे जातो. इंग्रजीची कसोटी वेगळी आहे: त्या व्यंजनांनी इंग्रजी शब्द सुरू होतो का ते बघायचं. एस-पीने होतो, स्पून आहे, स्पोर्ट आहे, म्हणून दोघं मिळून पुढे जातात: रि-स्पॉन्. एन-एसने एकही शब्द सुरू होत नाही, म्हणून ते फुटतात. तरी एखादं मूल रिस्-पॉन् म्हणालं तर मी अडवत नाही. ऐकणाऱ्याला फारसं कळत नाही आणि स्पेलिंगही बिघडत नाही.

अडखळणाऱ्याला शेपटाकडून चढवा

लांब शब्द वाचताना मूल सुरुवातीला जोरात असतं आणि मध्यावर दम संपतो. रिस्पॉन्सिपर्यंत येतं, पुढे पुटपुटतं. त्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं की पहिला भाग आणखी पक्का होतो आणि शेवट तसाच कच्चा राहतो. म्हणून उलटं करा. आधी फक्त टी. मग लिटी. मग बिलिटी, इथे बि उंच आणि किंचित लांब. मग सिबिलिटी. मग स्पॉन्सिबिलिटी. शेवटी रिस्पॉन्सिबिलिटी. प्रत्येक पायरीला मूल अनोळखीकडून ओळखीकडे जातं, कारण शेवट आधीच तोंडात बसलेला आहे. शिवाय जोर 'बि'वर आहे आणि तो पहिल्यापासून तिथेच राहतो.

मराठीत आपण एका शब्दातल्या तुकड्यांना इतका उतरता-चढता जोर देत नाही, म्हणून आपल्या तोंडी सहाही तुकडे ताशाच्या टिपरीसारखे सारखे पडतात. परदेशात नोकरीसाठी मुलाखत देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी मला हीच अडचण सांगितली आहे: शब्द बरोबर, तरी समोरचा "पार्डन?" म्हणतो. त्याचा कान 'बि'च्या उंचीची वाट बघत असतो. एक तुकडा उचला, बाकीचे हलके सोडा, इतकं पुरतं. ट आपला मूर्धन्य, म्हणजे जीभ टाळूकडे वळवून म्हटलेला, राहिला तर राहू दे.

डिक्शनरीतले टिंब म्हणजे सिलॅबल असं समजू नका

हुशार मुलं मोबाइलवर डिक्शनरी उघडतात आणि माझ्याशी वाद घालतात. मला ते आवडतं. एकाने मेरियम-वेबस्टर दाखवली: तिथे शब्दात मध्ये टिंबं दिलेली असतात, आणि त्यांत 'बी-आय-एल' एकत्र, पुढे एकटा आय, मग टी-वाय. "बाई, तुम्ही बि-लि म्हणता, इथे बिल-इ आहे." बरोबर पाहिलं होतं त्याने. पण ती टिंबं उच्चाराची नाहीत. ओळ संपताना शब्द तोडावाच लागला तर छापणाऱ्याने हायफन कुठे द्यावा, ते त्या टिंबांनी सांगितलेलं असतं. पटत नसेल तर त्याच डिक्शनरीत ॲबिलिटी बघा. बोलताना चार तुकडे, पण टिंबांनी पाडलेले तीनच. सुरुवातीच्या एच्या पुढे टिंब नाही, कारण ओळीच्या टोकाला एकटं लेटर ठेवून शब्द तोडत नाहीत.

उच्चाराचे तुकडे हवे असतील तर बाजूला जी उच्चाराची चिन्हं असतात ती वाचा. तिथे वर एक छोटी उभी रेघ दिसते. ती ज्या तुकड्याच्या आधी आहे त्या तुकड्यावर जोर. मुलं ती मागच्या तुकड्याची समजतात आणि 'सि'वर जोर देतात. खाली काढलेली तशीच रेघ म्हणजे दुय्यम जोर, तो 'स्पॉन्'वर.

ओळीच्या शेवटी काय करायचं

उत्तरपत्रिकेत तोडूच नका. जागा कमी असेल तर सबंध शब्द खालच्या ओळीवर घ्या. मराठी लिहिताना आपण समासाशी आलं की शब्द कुठेही मोडतो आणि पुढे लिहितो, तीच सवय इंग्रजीत जाते आणि 'रिस्पॉन्सिबिलिट' वर, 'वाय' खाली असा प्रकार घडतो.

शाळेचा वार्षिक अंक छापणाऱ्यांना मात्र कधी तोडावा लागतो. या शब्दात दोन चांगल्या जागा आहेत: स्पॉनच्या एननंतर, किंवा त्यापुढच्या एस-आयनंतर. दुसरी मला जास्त आवडते, कारण 'बिलिटी' अखंड खाली जातं आणि वाचणाऱ्याचा डोळा अडत नाही. टी-वाय एवढंच खाली ढकलू नका. वर्डमध्ये त्या जागी कंट्रोल धरून हायफन दाबला की ऐच्छिक हायफन बसतो, गरज पडली तरच दिसतो. हाताने साधा हायफन टाइप केला तर मजकूर सरकल्यावर तो ओळीच्या मध्यात उघडा पडतो. अंकात अशा चुका दिसतात त्यांचं बहुतेक वेळा हेच कारण असतं.

संगणकाने आपोआप तोडलेलं बरोबरच असेल असं धरू नका. १९८३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात फ्रँक लिआंग यांनी ४,४४७ लेटर-नमुन्यांची पद्धत बसवली, टेक या छपाईच्या प्रणालीत ती वापरली जाते. ती डिक्शनरीतल्या तोडण्याच्या जागांपैकी ८९ टक्के शोधते आणि उरलेल्या सोडून देते. न तोडणं चुकीचं तोडण्यापेक्षा बरं, हा त्यामागचा विचार मला फार शहाणा वाटतो. काही शब्दांत यंत्राला ठरवताच येणार नाही: रेकॉर्ड नाम असेल तर सीनंतर तुटतो, क्रियापद असेल तर ईनंतर. आणि नॉलेज ब्रिटिश पद्धतीत डब्ल्यूनंतर तोडतात, अमेरिकी पद्धतीत त्यापुढच्या एलनंतर. ब्रिटिशांनी घडणीची सुरी हातात धरली, अमेरिकनांनी आवाजाची. जबाबदारीतल्या र चाच हा वाद.

पुढे 'इर' लागला की

इरिस्पॉन्सिबिलिटी हा सोळा लेटरचा शब्द आणखी एक लेटर खातो. यात आर दोन आहेत, पण ऐकू एकच येतो, म्हणून मुलं एकच लिहितात. इथे आवाजाची सुरी निरुपयोगी आहे, घडणीची काढा. नकाराचा उपसर्ग मुळात 'इन'. पुढे आर आला की त्यातला एन आर होतो आणि मूळ शब्दातला आर जागेवर राहतो. एक उपसर्गाचा, एक शब्दाचा. लीगलचं इल्लीगल होताना दोन एल येतात, तेही असेच. मुलांना उत् + लास = उल्लास, सत् + जन = सज्जन हे व्यंजनसंधीत येतं. त्याच्या खाली इन + रिस्पॉन्सिबल मांडून दाखवा. दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

आता ती राहिलेली चूक, आयच्या जागी ए. अकाउंटेबिलिटीत ए आहे, रिस्पॉन्सिबिलिटीत आय. ढोबळ कसोटी अशी की प्रत्यय काढल्यावर उभा राहणारा इंग्रजी शब्द उरला तर बहुधा ए: अकाउंट, ॲक्सेप्ट. अर्धवट तुकडा उरला तर बहुधा आय: पॉस, व्हिज, एलिज. ईशिवायचं आर-ई-एस-पी-ओ-एन-एस अर्धवटच आहे, म्हणून आय. पण फ्लेक्सिबल ही कसोटी मोडतो, केपेबल दुसऱ्या बाजूने मोडतो, आणि इन्डिस्पेन्सेबल तर सेन्सिबल, डिफेन्सिबल, रिस्पॉन्सिबल यांच्या रांगेत उभा राहूनही ए घेऊन बसतो. फ्रेंचमध्ये आजही रिस्पॉन्सिबिलिटीच्या जुळ्या शब्दात ए आहे. इथे समजावण्यासारखं फार उरत नाही. असे सात-आठ शब्द मी मुलांना वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकान्यांत लिहायला लावते, ए आणि आय यांच्याखाली रेघ ओढून, आणि निबंध द्यायच्या आधी ते पान उघडून बघायला सांगते.